सातव्या तुकड्यावरच्या खुर्च्या

फोटोत छत्तीस खुर्च्या होत्या. नवाच्या चार रांगा, प्रत्येक रांग एका लोखंडी दांड्यावर जोडलेली, बसस्टँडवर किंवा दवाखान्यात असते तशी. खुर्च्यांवर एकतीस माणसं बसलेली, अकरा उभी. उभ्यांपैकी चार जण फोटो काढत होते. रांगांसमोर दोन खांबांवर काळा फलक आणि त्यावर नारिंगी अक्षरांत एवढंच: ‘आता थोडाच वेळ’. दोन कचरापेट्या, एक छत्री, एक बाळगाडी. मागे लाल खडकाची कमान. आणि उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या बुटाला खेटून, जमिनीतून चार बोटं वर आलेला लोखंडी खुंटा. खुंट्याचं डोकं निळं.

पट्टीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. प्रयोगशाळेत तिला सगळे पट्टीच म्हणत. कॉलेजात असताना तिने कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक पट्टी लावून सारखा कापला होता, तेव्हापासून. दुपारची वेळ, लिफ्टसाठी रांग लागलेली, आणि भांडार सांभाळणारे काका तिच्या नाकासमोर मोबाइल धरून उभे. “बघ, तुझ्या वाळवंटाचं नशीब उघडलं,” ते म्हणाले. “आमची धाकटी जाऊन आली. तासभर नुसती बसून आली म्हणे. घरी दोन मिनिटं बस म्हटलं तर अंगावर येते.” लिफ्ट आली, दार उघडलं, माणसं आत शिरली. ती जागची हलली नाही. “काका, हा माणूस कुठे पाय ठेवून बसलाय माहितेय?” काकांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला, नीट पाहिला. “जमिनीवर,” ते म्हणाले. दार बंद झालं.

जमिनीवर. काकांचं काही चुकलं नव्हतं. ती जिन्याने निघाली. चार मजले, मजल्याला बावीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर तिला आपल्याच चपलेखाली काहीतरी मोडल्याचा भास होत होता. बारीक, कोरडा, अंड्याचं टरफल दाबल्यासारखा आवाज. दुधावर साय धरते तशी त्या वाळवंटात मातीवर साय धरते. काळपट, खरबरीत, जेमतेम नखाएवढी जाड. ती नुसती माती नसते आणि झाडही नसतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचे धागे आणि दगडफुलांचे ठिपके मिळून वाळूचे कण एकमेकांना शिवून टाकतात, म्हणून वारा सुटला तरी वाळू उठत नाही. एक पाऊल पडलं की शिवण उसवते. ती पुन्हा धरायला किती वर्षं लागतात, एवढा एकच प्रश्न घेऊन प्रयोगशाळेच्या सरांनी बावीस वर्षांपूर्वी पायवाटेच्या डावीकडे सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असे सात तुकडे आखले होते. पहिल्यावर ते स्वतः एकदा चालले, दुसऱ्यावर दहा वेळा, तिसऱ्यावर शंभर वेळा, असं करत सहाव्यापर्यंत. सातव्यावर कुणीच चालायचं नाही. बाकीचे सहा कितपत सावरले हे ज्याला विचारायचं, तो सातवा. त्याची मोजणीसुद्धा दोन लाकडी घोड्यांवर आडवी शिडी टाकून, शिडीवर पालथं पडून करायची. पट्टीने अशा चार मोजण्या केल्या होत्या. शिडीचे दांडे बरगड्यांवर उमटत, ते दोन-दोन दिवस जात नसत. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर सातव्या तुकड्यावर येऊन गेलेल्या पाहुण्यांची यादी होती: एक ससा, एक फुटका फुगा, सरांची टोपी. टोपी सरांनी तिथेच पडू दिली होती. काठीने ओढली असती तर ओरखडा उठला असता. अकरा महिन्यांनी वाऱ्यानेच ती परत केली.

आता तिथे एकतीस माणसं बसली होती. म्हणजे बासष्ट पाय. आणि वाट बघणारा माणूस पाय स्थिर ठेवत नाही, हे कुणीही सांगेल.

सरांना तिनेच कळवलं. कळवायलाच हवं होतं, आणि तरी फोन लावताना तिला वाटलं, आपण चुगली करतोय. कोणाची, ते तिने त्या क्षणी मनात पुरतं उमटू दिलं नाही. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, खुब्याचा सांधा बदलला होता, पण आवाज जुनाच होता. “सातव्यावर?” त्यांनी विचारलं. मग, “तपासणीचा कागद आपल्याकडून गेल्याशिवाय पायवाटेचं कार्यालय तिथे साधा झेंडासुद्धा रोवू देत नाही. कोणत्या गाढवाने काय लिहून दिलं, ते मला हवंय. नाव हवंय मला, पट्टी.” “मिळवते,” ती म्हणाली. त्या गाढवाची सही तिला डोळे मिटूनही काढता आली असती.

सकाळच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. वाळवंटात जायला शहरातून अडीच तास लागतात. बस भरलेली, सगळे तिकडेच निघालेले. पुढच्या सीटच्या पाठीवर फोटोतल्या त्या खुर्च्यांच्या कलाकृतीचं पत्रक चिकटवलं होतं: हे फिरतं प्रतीक्षालय बंदराच्या धक्क्यावर, बंद पडलेल्या गिरणीत, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये राहून आता निसर्गाच्या कुशीत येत आहे; या, बसा, कशाचीही वाट पाहू नका. पट्टीने ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिला ‘निसर्गाच्या कुशीत’पाशी ठेच लागली. शेजारच्या बाई सासूला समजावत होत्या. “तिथे काही होत नाही, आई. नुसतं बसायचं.” सासूबाई म्हणाल्या, “मग मला घरीच का नाही बसू दिलंस?” मागच्या सीटवर कोणी हसलं. पट्टीला हसू आलं नाही. तिला या सगळ्यांचा राग येत होता. त्यांच्या नव्याकोऱ्या बुटांचा, बुटांच्या खोल नक्षीच्या तळव्यांचा, पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्यांचा, त्यांच्या उत्साहाचा. राग असा सगळ्यांत वाटून टाकला की एकेकाच्या वाट्याला थोडाच येतो, आणि आपल्या वाट्याचा त्यातच मिसळून जातो.

कागद दोन महिन्यांपूर्वी तिच्या टेबलावर आला होता. तीन जागा सुचवल्या होत्या, प्रत्येकीची तपासणी करून रकाने भरायचे. वनस्पती आच्छादन, टक्के. ती दोन दिवस उन्हात फिरून आली आणि तिने लिहिलं: पहिली जागा चौदा, दुसरी नऊ, तिसरी, म्हणजे पायवाटेच्या तिसऱ्या आणि चौथ्या खुणेमधली सपाट जागा, शून्य. हे चूक नव्हतं. नियमाप्रमाणे मूळ, खोड, पान असेल तीच वनस्पती. साय त्यात मोजत नाहीत. सायीसाठी कागदावर रकानाच नव्हता. म्हणून शेवटी ‘शेरा’ म्हणून जी मोकळी ओळ असते तिथे लिहायचं, की या जागेत मातीची साय आहे आणि निळ्या खुंट्यांच्या आतला तुकडा प्रयोगाचा आहे, पाय ठेवू नये. असा शेरा तिने आजवर प्रत्येक कागदावर लिहिला होता. एका कागदावर तर तो मागच्या पानापर्यंत गेला म्हणून पायवाट कार्यालयाने तक्रार केली होती. तिची लेखणी त्या ओळीवर टेकलीही होती, आणि तेवढ्यात दारात वहिनी उभी राहिली.

वहिनी म्हणजे तिच्या दादाची बायको, आणि या फिरत्या प्रतीक्षालयाची व्यवस्थापक. जागा शोधायची, परवानग्या काढायच्या, ट्रक आणायचे, खुर्च्या बोल्टाने घट्ट करून घ्यायच्या, सगळं तिच्याकडे. लग्न होऊन घरात आली तेव्हा पट्टी तिला ‘अगं वहिनी’ म्हणायची. दोघी एका प्लेटमध्ये खायच्या. मग एक दिवस पट्टीला नोकरी लागल्याच्या जेवणाला कुणीतरी विचारलं, ही नक्की करते काय? आणि वहिनी पटकन म्हणाली, “धूळ मोजते! आणि पगारही घेते.” सगळे हसले. आई हसली, दादा तर ठसका लागेपर्यंत हसला. वहिनीच्या मनात काही नव्हतं, हे पट्टीला तेव्हाही कळलं होतं. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती वहिनीला ‘तुम्ही’ म्हणू लागली. तीन वर्षं झाली. एवढा बारका बदल घरात कुणाच्या लक्षात येणार नाही असं तिला वाटलं होतं. वहिनीच्या पहिल्याच दिवशी लक्षात आला आणि तिने उलट ‘वन्सं’ सुरू केलं, नाटकातल्यासारखं, दोन्ही हात जोडून.

“काय वन्सं, झाला का आमचा कागद?” वहिनी दारातूनच म्हणाली होती. घामेजलेली, हातात तीन फोन, खांद्याला पिशवी. “ट्रकवाले बसलेत डोक्यावर. मला ते टक्के-बिक्के कळत नाहीत गं. एका वाक्यात सांग, त्या तिसऱ्या जागेत काही आहे की नाही?”

एका वाक्यात सांगता आलं असतं. अर्ध्या वाक्यात. पट्टीने पेनाचं टोपण लावलं आणि कागद पुढे सरकवला. “त्यात लिहिलंय सगळं. वाचता येत असेल तर वाचा.” वहिनीने कागद घेतला, शून्यावर बोट ठेवलं, तिच्याकडे पाहिलं. अजून एक प्रश्न विचारावा की नाही असं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर होतं. मग ती गेली. पट्टीला त्या संध्याकाळी फार हलकं वाटलं होतं. ज्याला धूळ म्हणून हसतात ती धूळ नाही, हे आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही, याचा तो आनंद होता. शेरा उद्या फोनवर सांगू असं तिने ठरवलंही होतं. दुसऱ्या दिवशी तो फोन वहिनीला करायचा आहे हे आठवलं, की ती दुसरं काम काढायची. आणि खुंट्यांच्या आत कोण कशाला जाईल? चारी कोपऱ्यांना निळे खुंटे. आखलेली जागा आहे हे तर आंधळ्यालाही दिसेल.

दिसलंच होतं. बस थांबली, माणसं उतरली, पायवाट तिसऱ्या खुणेपाशी वळली आणि समोर ते दिसलं. चारी खुंट्यांच्या आत चार रांगा इतक्या चपखल बसल्या होत्या, की जणू माप देऊन करून घेतल्या असाव्यात. खुर्च्या बसवणाऱ्यांनी आखलेली जागा पाहिली होती आणि ती आपल्यासाठीच आखून ठेवली आहे असं धरून चालले होते. कुणीही धरलं असतं. खुर्च्यांखालची जमीन पिवळी पडली होती, गव्हाच्या पिठासारखी. खुंट्यांच्या बाहेर, बांधलेल्या दोरीपलीकडे, ती अजून काळी होती. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तेवीस माणसं गंभीर चेहऱ्याने फलकाकडे बघत बसली होती. कुणीतरी पाय हलवत होतं. बारीक धूर उठावा तशी धूळ घोट्यापर्यंत येऊन पुन्हा बसत होती.

“उठा,” पट्टी म्हणाली. कुणी हललं नाही. बहुधा हा कार्यक्रमाचा भाग असावा असं त्यांना वाटलं. ती दोरीबाहेरूनच पुन्हा म्हणाली, “उठा, प्लीज. तुम्ही जिवंत गोष्टीवर पाय ठेवून बसलाय.” पहिल्या रांगेतल्या एकाने दचकून पाय वर घेतले. शेजारच्या टोपीवाल्याने मात्र घेतले नाहीत. “विंचू आहे का?” “नाही. जमीनच जिवंत आहे.” “असं होय,” टोपीवाला म्हणाला. “मग तुम्ही कशावर उभ्या आहात?” दोन-तीन जण हसले. “मी पायवाटेवर आहे.” “मग तिथेच राहा ना, बाई. आम्ही अडीच तास प्रवास करून आलोय, तुमच्या बापाची जागा आहे का ही?” तिला त्याच्या टोपीवर काहीतरी फेकावंसं वाटलं. पायाशी पडलेला तळव्याएवढा दगड उचलायला तिची बोटं शिवशिवली. तिला वाटलं, यांना सांगून उपयोग नाही. यांच्यावर एकेकदा, दहा-दहादा, शंभर-शंभरदा चालायला हवं, आणि मग बावीस वर्षं थांबून मोजायला हवं. हा विचार तिने शेवटपर्यंत केला, आकड्यांसकट, आणि त्याची लाज वाटली नाही. वाटली ती नंतर, बसमधल्या सासूबाई मागच्या रांगेतून हळूच म्हणाल्या तेव्हा: “अगं पोरी, उठायला काही नाही. पण खाली उतरून चालत बाहेर यायचं, तर पाय पुन्हा तिथेच पडणार ना?”

वहिनी फलकामागच्या तंबूतून आली तेव्हा तिच्या हातात फोन एकच होता. उन्हाने नाक सोललेलं, ओठ फाटलेले. एकोणीस दिवस ती इथेच होती. तिने नमस्कार केला नाही, वन्सं म्हटलं नाही. “पायवाट कार्यालयातून फोन आला होता. तुमचे सर म्हणे तिथे ओरडतायत. झालंय काय नक्की?” पट्टीने सांगितलं. वाक्यं नीट, क्रमाने, आकड्यांसह येत होती. तिला स्वतःलाच ती कुठल्यातरी परिषदेत बोलल्यासारखी वाटली. वहिनीने ऐकलं, पिशवीतून कागद काढला, उलगडला. शून्य. खाली सही. त्याखाली शेऱ्याची कोरी ओळ. “जिवंत म्हणजे कसं जिवंत?” वहिनीने विचारलं. “मला तर काळी माती दिसते.” पट्टीने बाटलीतलं पाणी दोरीबाहेरच्या सायीवर ओतलं. ओंजळभर. दोघी उकिडव्या बसल्या. पहिलं मिनिट काहीच झालं नाही. मग काळा रंग फुगल्यासारखा झाला, कडांना ओलसर मखमल दिसू लागली, आणि चौथ्या मिनिटाला तो तळहाताएवढा तुकडा हिरवा झाला. ओलीने चढलेली नुसती चमक नाही, खराखुरा हिरवा. वहिनीने बोट पुढे केलं आणि न टेकवताच मागे घेतलं.

“हे तू मला तेव्हा का नाही दाखवलंस?”

पट्टीकडे उत्तर तयार होतं. रकाना नव्हता. नियमात बसत नव्हतं. तुम्ही घाईत होता. तिन्ही खरी होती. ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत कुठे?” आणि म्हणतानाच तिला त्या दारातली घामेजलेली बाई दिसली, जिने नेमकं हेच विचारलं होतं, एका वाक्यात.

“मी विचारलं होतं,” वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “तू पेनाचं टोपण लावलंस. मला आठवतंय, कारण मला वाटलं, आज ही दोन शब्द बोलेल. धुळीचं म्हणत असशील तर मी चुकले. तेव्हाच कळलं होतं मला. पण तू सॉरी म्हणायला तरी जागा ठेवलीस का? एकदम तुम्ही, आपण. तीन वर्षं मी तुझ्या घरात पाहुणी आहे.” मग ती उठली, गुडघे झटकले, फोन काढला. “असो. मी कळवते, नकाशा आमच्याकडून चुकला म्हणून. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. आमचं प्रतीक्षालय नऊ दिवसांनी नाहीतरी हलणार होतं, आज हललं. तुमच्या घरात सगळं माझ्याच माथी मारतात, त्यात आणखी एक.”

पट्टीला नाही म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणाली नाही. किती सोपं होतं ते. सरांना नाव हवं होतं. हे नाव त्यांना लगेच पटलं असतं, ते ओळखीचंही नव्हतं, शास्त्रातलंही नव्हतं. वहिनी माणसांना फळ्यांवरून एकेक करून बाहेर काढत होती. ट्रकच्या फळ्या तिने रांगांच्या मधे टाकायला लावल्या होत्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टोपीवाला फळीवरून तोल सांभाळत आला आणि पट्टीसमोर थांबून म्हणाला, “मला खरंच वाटलं, तुम्ही नटी आहात.” मग सासूबाईंना त्याने हात दिला. सगळे गेले. वाऱ्याबरोबर पिवळी धूळ उठून दोरीबाहेरच्या हिरव्या तुकड्यावर बसू लागली, आणि पट्टीने पहिल्यांदा फळीवर पाय ठेवला. सातव्या तुकड्याच्या आत ती कधीच आली नव्हती. तिसऱ्या रांगेतल्या मधल्या खुर्चीसमोर ती पालथी पडली, सवयीने. नाक जमिनीपासून वीतभर. खाली नुसते कण होते, सुटे, एकमेकांना न ओळखणारे. तिला वाटलं होतं, रडू येईल. आली ती फक्त शिंक, आणि तिच्या शिंकेने चार बोटं लांबीचा खड्डा पडला.

तिने पिशवीतून लहान चाळणी काढली, पाण्याचं भांडं, घड्याळ. मातीचा वाटाण्याएवढा खडा चाळणीवर ठेवून पाण्यात बुडवायचा आणि तो किती वेळ धरून राहतो ते मोजायचं. शिवण शाबूत असेल तर खडा पाच मिनिटं तसाच राहतो, पाच मिनिटांनंतर मोजणी थांबवतात. खुर्च्यांखाली वाटाण्याएवढे खडे शोधायलाच अर्धा तास गेला. तीन मिळाले. मोजणी संपता संपता सरांचा फोन आला.

“मिळालं नाव?”

वहिनी दहा पावलांवर बोल्ट ढिले करत होती. तिने मान वर केली, हाताने खूण केली: माझं सांग.

“मिळालं, सर. कागद मी भरला होता. शून्य मी लिहिलं, शेरा मुद्दाम कोरा ठेवला. विचारायला आल्या होत्या, मी सांगितलं नाही.”

“का?”

“राग होता.”

वहिनीच्या हातातला पाना थांबला होता. पट्टीने घड्याळाकडे पाहिलं. आकडे चालले होते, आठ, नऊ, दहा, अकरा.

“उद्यापासून माझ्या तुकड्यांना हात लावायचा नाही,” सर म्हणाले. “किल्ली भांडारात दे. माझ्याशी बोलू नकोस.” पण फोन ठेवला नाही त्यांनी. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग ड्रॉवरचा, मग पान उलटल्याचा. “मोजलंस ना काही? वाच. मोजणारीच्या नावासकट.”

तिने नाव सांगितलं, सगळं, आडनावासकट. मग वही उन्हाला पाठ करून धरली आणि वाचलं. तुकडा सात, तिसरी रांग, पाचव्या खुर्चीसमोर, वरचा तीन मिलिमीटर थर. पहिला खडा चार सेकंद. दुसरा सहा. तिसरा तीन. दोरीपलीकडे, दोन मीटरवर, त्याच जाडीचे तीन खडे: तीनशे सेकंद, तीनशे सेकंद, तीनशे सेकंद.